आठवणींची वही : काळाराम सत्याग्रहाच्या निमित्ताने

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सत्याग्रहाची तारीख येते, पुढाऱ्यांची नावे येतात. मागच्या रांगेत चालणाऱ्यांची नावे मात्र घरोघरच्या वृद्धांच्या आठवणीतच राहतात आणि त्यांच्याबरोबरच नाहीशी होतात. ती टिपून ठेवण्याचे काम प्राथमिक शाळेतील वरच्या इयत्तांचे विद्यार्थी करू शकतात.

पार्श्वभूमी : नाशिक येथे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर-प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष मिरवणुकीने मंदिरापर्यंत गेले. दरवाजे बंद ठेवण्यात आले. संघटनेचा मोठा भार दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचे दादासाहेब गायकवाड यांनी वाहिला. लढा काही वर्षे चालूनही दरवाजे उघडले नाहीत. पुढे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथील परिषदेत बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला.

या चळवळीतील स्त्रियांचा वाटा बरीच वर्षे अलिखित होता. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ठिकठिकाणी जाऊन अशा स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या व १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला. विचारणारे कोणी भेटले म्हणूनच त्या आठवणी कागदावर आल्या.

शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. सत्याग्रहींची पिढी आता राहिली नाही. त्यांच्या मुला-नातवंडांनी काय ऐकले, ते विचारावे. जिथे तशी आठवण नसेल तिथे पाणवठा, शाळा, मजुरी यांविषयी विचारावे.

२. ‘अन्याय झाला का?’ असे विचारल्यास ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येते. ‘पाणी कोठून भरीत होता? शाळेत कोठे बसत होता?’ असे विचारल्यास सारी हकीकत बाहेर येते.

३. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. बोली ‘शुद्ध’ करू नये.

४. दोन हकीकतींत फरक पडल्यास दोन्ही ठेवाव्यात. तारीख व स्थळ मात्र ग्रंथांवरून पडताळावे.

५. लिहिलेले सांगणाऱ्यास वाचून दाखवावे. संमतीवाचून ते वर्गात वाचू नये; नको म्हटल्यास नाव गाळावे.

सर्वांत नाजूक बाब वर्गातील आहे. कोणत्याही मुलास त्याची जात विचारू नये, अथवा घरची हकीकत सांगण्याची सक्ती करू नये. आजोबांचा अपमान चार जणांत वाचला गेला आणि कोणी हसले, तर ती जखम नातवालाही होते. याकरिता वाचनापूर्वी संविधानाचा सतरावा अनुच्छेद वर्गाला समजावून द्यावा : अस्पृश्यता नष्ट करण्यात आली असून तिचे पालन हा गुन्हा आहे. सोसणाऱ्याला खाली मान घालण्याचे कारण नाही, हे मुलांना त्यातून उमजेल.

वर्षअखेर वही शाळेच्या दप्तरी जपून ठेवावी. पुढील वर्गाने ती पुढे चालवावी.