भिंगाच्या साहाय्याने वाचन

चष्मा, औषधोपचार किंवा शस्त्रक्रिया यांनंतरही जी दृष्टी पुरेशी सुधारत नाही, परंतु जिचा दैनंदिन कामासाठी उपयोग करता येतो, तिला अल्पदृष्टी म्हणतात. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या भारतातील २०१६ च्या अधिनियमानुसार, चष्मा लावूनही अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ किंवा त्याहून कमी व ३/६० पर्यंत असल्यास ती या वर्गात मोडते. ६/१८ याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून ओळखता येते, ते पाहण्यासाठी या व्यक्तीला ६ मीटरपर्यंत जवळ यावे लागते.

अशा व्यक्तीला घरी आलेले पत्र, औषधाच्या बाटलीवरील सूचना किंवा बँकेचे पासबुक दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागते. साहजिकच तिच्या व्यवहारात खाजगी असे फारसे उरत नाही. योग्य भिंग हे परावलंबित्व पुष्कळ कमी करू शकते. तथापि हौसेने आणलेले भिंग चार दिवसांत कपाटात जाऊन पडते, असेही वारंवार घडते. याचे कारण बहुधा भिंगात नसून ते धरण्याच्या पद्धतीत असते.

अंतराचा नियम

भिंगाची शक्ती डायॉप्टर या एककात मोजतात. १०० ला या आकड्याने भागले असता भिंगाचे नाभीय अंतर सेंटिमीटरमध्ये मिळते. ८ डायॉप्टरच्या भिंगाचे नाभीय अंतर १२.५ सेंटिमीटर, तर २० डायॉप्टरच्या भिंगाचे केवळ ५ सेंटिमीटर असते. डायॉप्टरच्या आकड्याला ४ ने भागले की भिंग अक्षर साधारण किती पट मोठे दाखवते हे कळते; म्हणजे पहिले भिंग दुप्पट व दुसरे पाचपट.

हातातील भिंग कागदापासून नाभीय अंतरावर धरावयाचे असते. हे अंतर शोधण्याची रीत सोपी आहे. भिंग कागदावर टेकवावे व सावकाश वर उचलावे. अक्षर मोठे होत जाते. ते धूसर होऊ लागण्याच्या किंचित आधी हात थांबवावा.

यानंतरचा प्रश्न डोळ्याच्या जागेचा. पुष्कळ लोक भिंग हातभर दूर धरतात. त्यामुळे एका वेळी दोनतीनच अक्षरे दिसतात व शब्द तुटतो. डोळा भिंगाजवळ नेला की अक्षराचा आकार तोच राहतो, पण दृष्टिक्षेत्र रुंदावते आणि पूर्ण शब्द नजरेत येतो. अर्थात कागदही तितकाच जवळ आणावा लागतो. जवळून वाचल्याने डोळे बिघडतात, ही समजूत निराधार आहे.

‘मोठे व शक्तिमान’ असे भिंग मागणाऱ्यांची निराशा होते. शक्ती वाढते तसा भिंगाचा फुगवटा वाढतो, म्हणून त्याचा व्यास लहान ठेवावा लागतो. यास्तव मजकूर सहजपणे वाचता येईल इतकीच शक्ती निवडावी. काचबिंदूसारख्या विकाराने दृष्टिक्षेत्रच आकुंचित झाले असेल, तर अधिक वर्धन उलट अडचणीचे ठरते.

ज्यांचा हात कापतो त्यांना पायांवर उभे राहणारे भिंग सोयीचे. त्याचे अंतर ठरलेले असते. प्रौढ व्यक्तीने त्यातून पाहताना वाचनाचा चष्मा वापरावा; हातातील भिंग नाभीय अंतरावर धरले असता मात्र दूरचा चष्मा पुरतो.

प्रकाश आणि ओळ

दिवा अधिक चांगल्या डोळ्याच्या बाजूस, प्रकाश कागदावर पडेल पण डोळ्यांत जाणार नाही असा ठेवावा. काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडून ती मजकुरावर ठेवल्यास चकाकी कमी होते व ओळ चुकत नाही. देवनागरीसाठी खाच थोडी उंच हवी; अन्यथा वरचे अनुस्वार व मात्रा आणि खालचे उकार झाकले जाऊन ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत नव्हे, तरी ‘कल’ आणि ‘कुल’ यांत घोटाळा होतो.

शक्तिमान भिंग वापरताना डोके व भिंग स्थिर ठेवून कागद उजवीकडून डावीकडे सरकवावा. ओळ संपली की त्याच ओळीवरून मागे यावे आणि मगच खाली उतरावे. प्रारंभी पाचदहा मिनिटेच, मोठ्या टाइपातील मजकुरावर सराव करावा. भिंग घेण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून तपासणी मात्र अवश्य करून घ्यावी. मोतीबिंदूवरचा उपाय शस्त्रक्रिया हा आहे, भिंग नव्हे.