भूतकेस : ओळख आणि लागवड



मुरूड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर काही महिला छोटी रोपवाटिका चालवतात. तिथे मी मदतीला जाते. दोन वर्षांपूर्वी श्रावणात बांधावरच्या एका झुडपात पांढरी पाने दिसली. मी म्हटले, "मावशी, या झाडाला रोग पडलाय." मावशी हसल्या. "रोग न्हाय ताई, भूतकेस हाय ती. आता फुलायचे दिस."

अलिबाग, नागावकडच्या बागांत लोक गुलाबी मुसेंडा विकत आणून लावतात. भूतकेस ही त्याच कुळातली आपल्या सह्याद्रीची जात. शास्त्रीय नाव मुसेंडा ग्लॅब्राटा. आपल्याच बांधावर असूनही बागेत ती क्वचितच दिसते.

ओळखायची कशी?

पांढरे दिसते ते पान नव्हे आणि पाकळीही नव्हे. कळीला बाहेरून पाच हिरवी दले असतात. गुच्छातल्या काही फुलांचे त्यांतले एकच दल वाढून पानाएवढे होते आणि पांढरे पडते. त्यावर शिराही पानासारख्याच दिसतात. खरे फूल लहान, नळीसारखे, तोंडाशी नारिंगी चांदणी. पांढऱ्या दलामुळे फुलपाखरांना ते लांबूनही दिसते. झुडूप फुलावर नसेल तेव्हा पाने पाहावीत. ती समोरासमोर जोडीने येतात आणि दोन देठांच्या मधे बारीक टोकदार उपपर्णे असतात. ही कॉफीच्या कुळाची खूण आहे. केवळ नावावर जाऊ नये, कारण मिळतीजुळती नावे दुसऱ्या वनस्पतींनाही आहेत.

लावायची कशी?

झाड उपटू नये. फणसाड अभयारण्यातून तर काडीही आणू नये. बांधावरच्या किंवा परसातल्या झाडाची फांदी मालकाला विचारून घ्यावी. आषाढात पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पिकलेली फांदी निवडावी. वीतभर तुकडा डोळ्याच्या लगेच खाली कापावा. खालची पाने काढावीत, वरची दोन अर्धी कापावीत. माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात घेऊन पिशवी भरावी. पिशवीला भोके हवीतच, पाणी साचले की काडी कुजते. सावलीत ठेवावे. दीड-दोन महिन्यांत मुळे धरतात. काडी जगत नसेल तर गुटी कलम करावे.

पुढच्या पावसात रोप जमिनीत लावावे. जांभ्याची निचऱ्याची माती आणि सकाळचे ऊन त्याला मानवते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यासमोर मात्र लावू नये, घराचा किंवा कुंपणाचा आडोसा द्यावा. बहर संपला की छाटणी करावी, म्हणजे झुडूप आटोपशीर राहते.

आता आमची अडचण सांगते. पहिल्या वर्षी आम्ही ४० काड्या लावल्या. २२ रुजल्या. दिवाळीनंतर वाडीतली बहुतेक घरे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर कामाला गेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विहिरीवरून स्वतःपुरते पाणी आणणेही जड होते. मे महिन्यात मंडळी परतली तेव्हा ५ रोपे जिवंत होती. मावशी रिकाम्या पिशव्या गोळा करत एवढेच म्हणाल्या, "रोपांनापन मागं कोनी तरी लागतं."

म्हणून मागच्या दिवाळीत रेवदंड्याच्या दोन कुटुंबांना मी प्रत्येकी १० रोपे सांभाळायला दिली. एक दिवसाआड तांब्याभर पाणी, एवढेच काम. जूनमध्ये २० पैकी १८ रोपे परत आली. त्यांचे पैसे वाडीतल्या महिलांनी वाटून घेतले आणि पुढच्या हंगामाच्या पिशव्याही त्यातूनच आणल्या.

यंदा ६० पिशव्या भरल्या आहेत. तुमच्या अंगणात सावलीची जागा असेल, तर दिवाळी ते मृग एवढे दिवस १० रोपे ठेवून घ्याल का? रोपे वाडीचीच राहतील. त्यांतले एखादे ठेवून घ्यावेसे वाटले, तर ते मात्र विकत घ्या.