सड्यावरील वनस्पती

कोकणात जांभा दगडाच्या विस्तीर्ण, उघड्या माथ्यास ‘सडा’ म्हणतात. वैशाखात तेथे पाय भाजतात व हिरवे पान दृष्टीस पडत नाही. साहजिकच, ही जमीन ओसाड होय असा समज रूढ झाला. तो समज कितपत खरा, हे पाहावयाचे असल्यास पावसाळ्यात सड्यावर जावे.

लक्षावधी वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील विद्राव्य क्षार वाहून गेले. लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली. हाच जांभा. त्यावर माती कोठे बोटभर, कोठे तीही नाही. नत्र व स्फुरद अत्यल्प. चार महिने पाणी तुंबलेले, पुढे कडक कोरड. एवढ्या हालअपेष्टा सोसणाऱ्या वनस्पतीच येथे टिकतात. दिपकाडीचा कंद खडकाच्या फटीत दडून राहतो. पहिल्या पावसाबरोबर तिला पांढरी फुले येतात. पातळ मातीत गेंद व सीतेची आसवे दाटीने उगवतात. सीतेच्या आसवांचे नाजूक जांभळे फूल पाहून कोणासही शंका येणार नाही. परंतु तिच्या ओल्या मातीतील सूक्ष्म पिशव्या बारीक जीव आत ओढून घेतात. दवबिंदू ही वनस्पती पानांवरील चिकट थेंबांनी कीटक पकडते. मातीत न मिळणारे नत्र दोघी अशा रीतीने मिळवितात.

घाटमाथ्यावरही जांभ्याची पठारे आहेत. त्यांपैकी सातारा जिल्ह्यातील कास पठाराचा २०१२ साली जागतिक वारसास्थळांत समावेश झाला. तेथील डबक्यांत वाढणारा वायतुरा उत्तर सह्याद्रीबाहेर आढळत नाही. शास्त्रास त्याची स्वतंत्र जाती म्हणून ओळख पटली ती १९८२ साली.

चिरेखाणींनी सडा नाहीसा होतो, हे उघड दिसते. कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे पाडले व त्यांत बाहेरची माती भरली, तरी परिणाम फारसा निराळा होत नाही. कसदार मातीत उंच गवत व सामान्य तण माजते. त्यांच्या सावलीत ठेंगण्या गेंदाचा टिकाव लागत नाही. वनमहोत्सवात हौसेने सड्यावर रोपे लावणाऱ्या शाळाही नकळत हेच करीत असतात. रोपांस गावात, ओढ्याकाठी जागा पुष्कळ असते.

श्रावणात वर्गास सड्यावर न्यावे. काठीने मातीची खोली मोजून प्रत्येक ठिकाणी कोणते झाड आहे, ते मुलांकडून वहीत लिहवून घ्यावे. एकही रोप उपटू देऊ नये. शाळेस सुटी लागण्यापूर्वी, एप्रिलात, त्याच जागा त्याच वहीसह पुन्हा दाखवाव्यात.