ओळी मोजल्या, माणसे राहिली

आपल्या देणगीतून वर्षभरात किती जण शिकले, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. कित्येक वर्षे मी त्याचे उत्तर चुकीचे देत होते, आणि ते माझ्या ध्यानातही आले नव्हते.

पडेगावला आमची एकच लांबलचक वही होती: नाव, वस्ती, जन्मतारीख, प्रशिक्षण. कन्नड तालुक्यातल्या भिल्ल वस्तीवरची मुलगी आधी शिवणकामाला आली आणि नंतर प्रथमोपचाराला, की तिची नवी ओळ. वर्षाअखेर आम्ही ओळी मोजायचो. वही संगणकावर चढवताना हे उघडे पडले.

यावरचा उपाय जुना आहे. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत मांडायची पद्धत सांगितली. १९७६ मध्ये पीटर चेन यांनी ती नाती चित्रात दाखवली: घटकाला चौकोन, नात्याला शंकरपाळ्याचा आकार.

आमचे चौकोन तीन: व्यक्ती, प्रशिक्षण, तुकडी. शिवणकाम हे प्रशिक्षण. त्याची जूनची तुकडी वेगळी, जानेवारीची वेगळी. एका प्रशिक्षणाच्या अनेक तुकड्या, पण एक तुकडी एकाच प्रशिक्षणाची. इथवर सोपे. अडते ते पुढे, कारण एक व्यक्ती अनेक तुकड्यांत बसते आणि एका तुकडीत अनेक व्यक्ती. मग व्यक्तीपुढे ‘तुकडी १’, ‘तुकडी २’ असे रकाने आखायचा मोह होतो. आम्ही तीन आखले होते. चौथ्यांदा कोणी आले की समासात लिहायचे! त्याऐवजी मध्ये स्वतंत्र तक्ता हवा: नोंदणी. त्यात व्यक्तीचा क्रमांक, तुकडीचा क्रमांक आणि त्या दोघांच्या नात्यापुरतेच जे आहे ते, म्हणजे प्रवेशाची तारीख व सद्यःस्थिती. तीच जोडी दुसऱ्यांदा स्वीकारू नये, असे संगणकालाच सांगून ठेवावे.

व्यक्तीला क्रमांक आपणच द्यावा. नाव आणि जन्मतारखेवर विसंबू नये. एका वस्तीत दोन सुनीता, दोघींची जन्मतारीख १ जून, कारण शाळेत घालताना गुरुजींनी तीच लिहिली. लग्नानंतर आडनावही बदलते. आधार क्रमांक तर या कामी घेऊच नये, तो विनाकारण प्रत्येक तक्त्यात फिरत राहतो.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेल्या मुलीचे नाव आम्ही पूर्वी खोडायचो आणि ती परतली की नवी म्हणून लिहायचो. आता तिची नोंद ‘हंगामाला गेली’ अशी राहते, आणि उन्हाळ्यात ती त्याच क्रमांकाने पुढच्या तुकडीत बसते.

पुढच्या अंकातला आकडा मागच्यापेक्षा लहान दिसेल. तो ओळींचा नसेल, नोंदणीतल्या वेगवेगळ्या व्यक्तींचा असेल.