समुद्र नाही, पण पाळ आहे

प्रश्न : नोकरीमुळे रत्नागिरीहून भंडाऱ्याला आलो. किनाऱ्याने मैलोन् मैल चालायची सवय आहे. इथे कुठे चालावे?

उत्तर : तलावाच्या पाळीवर. भंडारा हा तलावांचा जिल्हा. इथले जुने मालगुजारी तलाव मुख्यतः कोहळी समाजाने बांधले. उताराला मातीची पाळ घालून पाणी अडवायचे आणि खालच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, धान पिकवायचे, ही त्यांची रीत. पाळीवरून चालताना एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला शेत. इतके सुंदर चालणे मला अन्यत्र मिळालेले नाही.

सुरुवात साकोली तालुक्यातल्या शिवनीबांधपासून करा, डिसेंबर-जानेवारीत, उजाडताच. दुर्बीण घ्या, स्थलांतरित बदके तेव्हा दिसतात. सांडव्याजवळ थोडे थांबा. तिथल्या उथळ पाण्यात बगळे पावलापावलाने मासा हेरत असतात. ढिवर म्हणजे मासेमार बांधवांची जाळी वाळत असतील तर वळसा घाला, ती ओलांडू नका.

नदीकाठ हवा असेल तर पवनी. वैनगंगेचे घाट, जुना कोट आणि 1969-70च्या उत्खननात उजेडात आलेला जगन्नाथ टेकडीचा बौद्ध स्तूप एका सकाळीत पाहून होतात. गोसीखुर्द धरण पवनीच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथून पाणी सोडले की नदी वाढते, म्हणून पाण्याकडेची वाट गावकऱ्यांना विचारूनच धरा.

पावसाळ्यात धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, गवतात साप असतात. बूट आणि काठी हवीच. कोका अभयारण्यात मात्र पायी भटकू नका, तिथे वनखात्याचे नियम पाळा.