शेरू आणि मुर्गाब्या

माझे आजोळ निफाड तालुक्यात आहे. मामूंची कांद्याची आणि द्राक्षांची शेती आहे. शेतावर राखणीला शेरू नावाचा कुत्रा आहे. रंग तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. तो घरात येत नाही. पण शेताच्या बांधावर त्याचेच राज्य असते. मी मालेगावहून आलो की तो अर्ध्या वाटेवर येऊन मला घेऊन जातो.

जानेवारी महिना होता. मामू म्हणाले, "उद्या उजाडायच्या आत नांदूर मध्यमेश्वरला जाऊ. तिथे पक्ष्यांची गणना आहे."

नानी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "मुर्गाब्या पाहायला चाललात होय! परत आल्यावर किती दिसल्या ते मला सांगा."

मुर्गाबी म्हणजे रानबदक. मी लगेच म्हणालो, "मामू, शेरूलाही नेऊ या."

"नाही. ते अभयारण्य आहे. तिथे कुत्रा नेता येत नाही."

मी गप्प बसलो. पण पहाटे मामू गाडीत पाणी भरायला गेले, तेव्हा मी हळूच शेरूला पिकअपच्या मागच्या भागात चढवले आणि कांद्याच्या रिकाम्या गोण्यांमागे बसवले. तोही शहाण्यासारखा गुपचूप बसला.

वाटेत मामूंनी मला त्या जागेची हकिकत सांगितली. नांदूर मध्यमेश्वर येथे गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम आहे. संगमाच्या खाली इंग्रजांच्या काळात दगडी बंधारा बांधला गेला. नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. पाणी उथळ झाले. त्यात पाणवनस्पती वाढल्या, मासे, किडे, गोगलगाई वाढल्या. धरणात गाळ साचला तर माणसाचे नुकसान होते. इथे त्याच गाळाने पाखरांचे ताट वाढून ठेवले! १९८६ साली हे अभयारण्य झाले. पुढे २०१९ साली 'रामसर स्थळ' म्हणून त्याची नोंद झाली. महाराष्ट्रातले हे पहिलेच रामसर स्थळ. रामसर हे इराणमधले एक शहर आहे. पाणथळ जागा जपण्याचा करार १९७१ साली तिथे झाला, म्हणून हे नाव पडले.

फाटकावर चौकीदाराने विचारले, "बरोबर कुत्रा-मांजर काही नाही ना?"

"नाही," मामू म्हणाले.

मी माझ्या चपलांकडे पाहत राहिलो.

गाडी झाडाखाली ठेवून आम्ही पायवाटेने मनोऱ्याकडे गेलो. धुके विरळ होत होते. सगळीकडे इतकी शांतता होती, की बदकांच्या चोचींचा चुळुकचुळुक आवाज ऐकू येत होता. गणना करणाऱ्या एका बाईंनी मला दुर्बीण दिली. फावड्यासारख्या चपट्या चोचीचा थापट्या पाणी गाळून खात होता. लांब टोकदार शेपटीची तलवार बदके होती. जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्यांत लाल पाय टाकीत फिरत होत्या. पलीकडच्या काठावर राखाडी क्रौंच पक्ष्यांचा मोठा थवा उभा होता.

"एवढे पक्षी कसे मोजता?" मी विचारले.

"आधी दहा पक्षी मोजायचे. दहांचा पुंजका केवढा दिसतो, ते डोळ्यांत बसवायचे. मग तेवढे पुंजके थव्यात किती बसतात ते पाहायचे. आता ही बदके झाली की क्रौंच मोजू."

पण क्रौंच मोजायचे राहूनच गेले. मागे झुडपे सळसळली. माझा माग काढीत शेरू आला होता! मला पाहून त्याने शेपटी हलवली, मग त्याला पाणी दिसले. मी "शेरू!" म्हणेपर्यंत त्याने धपकन उडी मारली.

क्षणात सारे पाणी उठून उभे राहिल्यासारखे झाले. हजारो पंखांचा आवाज झाला. टिटव्या ओरडू लागल्या. क्रौंचांचा थवा मोठ्याने साद घालीत उडाला आणि गोदावरीच्या पलीकडे दिसेनासा झाला. उथळ पाण्यात एकटा शेरू उभा होता. त्याला वाटले, केवढा छान खेळ झाला!

मामूंनी शेरूकडे पाहिले नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मीच आणला त्याला," मी म्हणालो. "गोण्यांमागे लपवला होता."

बाई रागावतील असे वाटले, पण त्यांनी वही मिटून ठेवली आणि म्हणाल्या, "तुझा शेरू कुणाला चावणार नाही, हे तुला माहीत आहे. बदकाला काय माहीत? त्याला कुत्रा आणि कोल्हा सारखेच. यांतली कित्येक बदके सायबेरिया आणि मध्य आशियातून आली आहेत. हिवाळा संपला की पुन्हा तेवढेच उडायचे. त्यासाठी आता खाऊन अंगात चरबी साठवायची असते. विनाकारण उडावे लागले की साठवलेले खर्च होते."

आम्ही शेरूला दोरीने धरून फाटकावर आणले. मामू चौकीदाराला म्हणाले, "भाऊ, माझ्याकडून तुम्हाला खोटे सांगितले गेले. माफ करा." मामूंना तर काहीच ठाऊक नव्हते. तरी ते 'माझ्याकडून' म्हणाले. त्यांनी मला दोन थपडा मारल्या असत्या, तर बरे वाटले असते.

मामू शेरूला घेऊन गाडीत बसले आणि मला म्हणाले, "तू जा. बाईंना मदत कर."

तासाभराने बदके थोडी थोडी परत येऊ लागली. बाई सांगत होत्या, मी लिहीत होतो. बाईंनी सांगितले, की थोर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) इथे आले होते आणि त्यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले होते. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती, हे विचारायला ते गेले आणि तिथून त्यांचा अभ्यास सुरू झाला. एरवी मी अशा गोष्टीवर दहा प्रश्न विचारले असते. त्या दिवशी एकही विचारला नाही.

थापट्या, तलवार बदक, पाणकोंबडी, शेकाट्या, सर्वांपुढे आकडे पडले. क्रौंचापुढची जागा रिकामी होती. आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. ते आले नाहीत.

"अंदाजाने लिहू का?" मी विचारले.

"न मोजलेले लिहायचे नसते," बाई म्हणाल्या. त्यांनी तिथे एक आडवी रेघ ओढली.

संध्याकाळी नानीने विचारले, "काय रे, किती मुर्गाब्या दिसल्या?"

मी मामूंकडे पाहिले. ते शेरूच्या दोरीची गाठ सोडत होते. मग मी नानीजवळ बसलो आणि तिला पहिल्यापासून सगळे सांगितले.

स्वाध्याय

१. बंधाऱ्यामागच्या गाळाचा पक्ष्यांना कसा उपयोग झाला?
२. 'त्यांनी मला दोन थपडा मारल्या असत्या, तर बरे वाटले असते,' असे मुलाला का वाटले?
३. बाईंनी क्रौंचापुढे आकडा का लिहिला नाही?
४. या पाठातील पक्ष्यांची मराठी नावे लिहा. त्यांतील ज्यांची उर्दू नावे तुम्हाला माहीत असतील, तीही पुढे लिहा.