मिटून धरलेली लेझीम

इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत बावीस वर्षं मी मुलींचं लेझीम पथक घेतलं. २००८ साली आयपीएल सुरू झाली, तेव्हा एकीनं विचारलं, "बाई, आपण पण चिअरलीडरच ना?" मी डोळे वटारले. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला पुरंदर तालुक्यातल्या वाल्ह्याचं चारशे जणांचं पथक लेझीम खेळलं होतं, ते सांगून तिला गप्प केलं. पण तिचं फारसं चुकलं नव्हतं. कबड्डीच्या सामन्यांना आधी आम्हीच मैदान जागं करायचो आणि मग कडेला बसून ओरडायचो. त्या वर्षांत शिकलेल्या या पाच गोष्टी.

१. चुकलं की वाजवायचं नाही.
नवी मुलगी चुकली की घाबरून आणखीच जोरात वाजवते. चाळीस जणींत एकीच्या चकत्या अर्धा ठोका उशिरा वाजल्या, तरी कट्ट्यावरच्या म्हातारीला कळतं. म्हणून आमचा नियम होता: लेझीम मिटून धर, पावलं चालू ठेव, हलगी ऐक आणि पुढच्या आवाजाला आत ये. 'आगे फलांग', 'पवित्रा' पोरी आठवड्यात शिकायच्या. मिटून धरायला महिने लागायचे. सराव संपला की मी विचारायचे, आज कुणी मिटून धरली? पहिल्या महिन्यात एकही हात वर येत नसे. दिवाळीपर्यंत निम्मे यायचे. मला त्या वर आलेल्या हातांचं कौतुक जास्त होतं, नंबराचं कमी.

२. पुढची रांग.
हे माझंच पाप. सव्वीस जानेवारीला पाहुणे यायचे म्हणून उंच, नीटनेटक्या पोरी मी पुढे उभ्या केल्या. मागच्या रांगेतल्या एकीनं हळूच विचारलं, "बाई, मी चुकते का?" ती चुकत नव्हती. तिचा गणवेश विटका होता, एवढंच. त्यानंतर दर सरावाला रांगा फिरवल्या: पुढची मागे, मागची पुढे. पाहुण्यांच्या लक्षातही आलं नाही.

३. जागा कुणाच्या बापाची नाही.
ऊसतोडीच्या अड्ड्यावरून एक पोरगी यायची. मूळची बीडकडची. आईबाप पहाटे कोयता घेऊन फडात, ही लहान भावाला कडेवर घेऊन सरावाला. भाऊ कट्ट्यावर बसायचा, ही हलगीच्या पुढे अर्धं पाऊल. तिच्यासारखा कान मला पुन्हा मिळाला नाही. फेब्रुवारीच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला आणि ती एका रात्रीत गेली. तिसऱ्या दिवशी आमची स्पर्धा होती. पथक मधोमध फाटलं. तेव्हापासून प्रत्येक जागा दोघींना शिकवली. एक गेली तरी दुसरी असते, हे तर झालंच. पण जिला आपली जागा दुसरीला शिकवावी लागते, तिचा ताठा आपोआप उतरतो, हे मला फार उशिरा कळलं. त्या बीडकडच्या पोरीला निरोप देता आला नाही, याची रुखरुख अजून आहे.

४. कुणी बघत नसताना.
तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापुरात येते. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला घोड्याचं. शाळा सुरू होऊन जेमतेम पंधरा-वीस दिवस झालेले, पोरी कच्च्या, त्यात चिखल. आम्ही रस्त्याकडेला स्वागताला खेळायचो आणि सगळ्यांच्या नजरा रथाकडे. पोरी पहिल्यांदा रुसायच्या. दुसऱ्या वर्षी रुसत नसत.

५. ओरडायचं, पण कुणासाठी?
बारामतीत एकदा मुलींचा कबड्डीचा सामना होता. पाहुण्या संघाची चढाईला आलेली मुलगी घसरली, पाय मुरगळला. आमच्या पोरींनी लेझमी खळाखळा वाजवल्या, "पडली, पडली!" मला लाज वाटली, कारण हे त्यांना मी शिकवलं नसलं तरी आजवर थांबवलंही नव्हतं. तिथं भाषण केलं नाही. जिचा आवाज सगळ्यात मोठा, तिच्या हातात पाण्याची कळशी दिली आणि त्या मुलीकडं धाडलं. बराच वेळ आली नाही. मध्यंतर संपत आलं तेव्हा रिकामी कळशी घेऊन परतली आणि म्हणाली, "बाई, ती पण पाचवीपासून लेझीम खेळते. त्यांच्यात चुकलं की नुसतं खांद्यावर घेतात."